परतीचा पाईप

मिस्त्रीकाका आले, पेरूच्या झाडाखाली मांडलेल्या पाटावर बसले, चहा घेतला आणि टर्बोकडे बघितलंसुद्धा नाही. "परतीचा पाईप कोणता लावला होता तो दाखव," एवढंच ते माझ्या मामेभावाला म्हणाले. भावानं गोठ्यामागून तो हुडकून आणला. करंगळी जेमतेम जाईल एवढी रबरी नळी, मध्ये एक वळण घेतलेली. काकांनी ती उजेडाकडे धरून एक डोळा मिटला. वळणामुळे पलीकडचं काही दिसेना. "इथंच झालं पाय सारं," ते म्हणाले. "टर्बोले तेल द्याची घाई सगळ्यायलेच असते. ते तेल वापस कसं येईल, हे कोनाच्या ध्यानात नसते."

बालाघाट म्हटलं की मराठवाड्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे बीडकडची डोंगररांग येते. माझं आजोळ त्या बालाघाटात नाही. हा बालाघाट मध्य प्रदेशातला, वैनगंगेकाठचा, गोंदियाहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचा. १९५६ पर्यंत हा मुलूख आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. नंतर मधून सीमा गेली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. घरात मराठी किंवा पोवारी, कचेरीत हिंदी, आणि बाजारात एमपी ५० आणि एमएच ३५ अशा पाट्यांच्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या, असं इथलं रोजचं चित्र.

मामेभावाची शेती धानाची. बांधीत चिन्नोर लावतो, ज्या तांदळाला २०२१ मध्ये बालाघाटच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्याकडे वीस-पंचवीस वर्षं जुनी महिंद्राची जीप आहे, २५२३ सीसीचं डीआय इंजिन, टर्बो नसलेलं. बी-बियाणं, पाण्याचे पंप, लग्नाची भांडी, आजारी माणूस, सगळं तिच्यातूनच जायचं. बहीण बैहरला दिलेली. बैहरकडे जाताना गांगुलपाऱ्याचा घाट लागतो आणि भरलेली जीप तिथं दुसऱ्या गिअरवर यायची. पाय पूर्ण दाबला तरी गाडी उचलायची नाही, मागे मात्र काळ्या धुराचा पडदा लागायचा. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यांनी तोंडाला रुमाल लावलेले आरशात दिसायचे, याचं भावाला फार वाईट वाटायचं.

तो काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं डिझेल. डिझेलच्या इंजिनात पंप देईल तेवढं डिझेल आत जातं, पण ते जाळायला हवा लागते, आणि साधं इंजिन हवा फक्त पिस्टनच्या ओढीनं घेतं. बाहेर जेवढा हवेचा दाब, फार तर तेवढीच हवा आत. टर्बो ती हवा दाबून आत घालतो, आणि त्यासाठी लागणारी ताकद सायलेन्सरातून वाया जाणाऱ्या गरम वायूतून घेतो. डिझेलच्या एकूण उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा एरवी त्याच वाटेनं निघून जातो. एका दांडीच्या दोन टोकांना दोन चाकं असतात. एक धुराच्या झोतानं फिरतं, दुसरं त्याच दांडीवर असल्यामुळे फिरतं आणि हवा रेटतं.

रचना इतकी सोपी आहे की माणूस फसतो. घरातला छताचा पंखा मिनिटाला तीनशे-साडेतीनशे फेरे घेतो, टर्बोची दांडी लाखाच्या वर घेते. तिला आधार असतो बुशचा, पण दांडी त्या बुशला टेकलेली नसते. दोघांच्या मध्ये केसाहूनही पातळ अशी तेलाची साय असते आणि दांडी त्या सायीवर तरंगते. एका टोकाला पाचशे-सहाशे अंशांचा धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा, आणि मधल्या चार बोटांत हे तरंगणं. तेल क्षणभर आलं नाही तर दांडी बुशला घासते. आलेलं तेल परत गेलं नाही तर मधलं घर तुंबतं आणि तेल दोन्ही बाजूंच्या सीलमधून वाट काढतं. धुराकडे गेलं तर निळसर धूर निघतो. हवेकडे गेलं तर काय होतं, ते मागच्या उन्हाळ्यात मी त्याच अंगणात पाहिलं.

टर्बो बोलेरोचा होता, भंगारातून आणलेला. निवड चुकीची नव्हती, कारण २५२३ सीसीच्या डीआय इंजिनावर कंपनीनंच बोलेरोत टर्बो दिला होता. भावानं आणि मी मिळून तो चार दिवसांत बसवला. तेल देणारी नळी नीट जोडली. परतीच्या नळीसाठी मात्र चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, उतरवायचा कंटाळा केला. चेंबरच्या तळाला तेल काढायचा नट असतो, तो काढून तिथंच निपल लावलं आणि नळी त्यावर चढवली. तेलाला खालीच तर जायचंय, मग सगळ्यांत खालचं भोक काय वाईट, असा आमचा विचार होता.

इंजिन सुरू झालं. पाच-सात मिनिटं छान चाललं. मग आवाज चढू लागला. कुणाचा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता. पांढऱ्या-निळ्या धुरानं अंगण भरलं, कोंबड्या उडाल्या, भावानं स्टॉपची तार ओढली, पुन्हा ओढली, पण इंजिन थांबेना. डिझेल बंद झालं होतं, पण इंजिन आता डिझेलवर चालतच नव्हतं. टर्बोच्या सीलमधून हवेच्या वाटेत शिरलेलं स्वतःचंच तेल ते पीत होतं, आणि जितकं जोरात फिरेल तितकं जास्त तेल ओढत होतं. भावानं एअर फिल्टरकडचा होज उपसून काढला आणि ओरडला. वहिनी ओसरीवरून पाट घेऊन धावत आल्या. त्यानं तो पाट होजच्या तोंडावर दाबला. ओढ इतकी होती की पाट त्याच्या हातातून सुटून होजला आपोआप चिकटून बसला. इंजिनानं दोन आचके दिले आणि थांबलं. तळहात लावला असता तर काय झालं असतं, हा विचार मला अजून रात्री येतो. अशा वेळी फळी, पुस्तक, जाड गोधडीची घडी, जे हाताशी असेल ते लावावं. हात कधीही लावू नये.

मिस्त्रीकाका बसले होते तो पाट तोच. त्याच्यावर होजच्या तोंडाचा काळा गोल उमटलेला अजून दिसतो.

काकांची उमर इंजिनांत गेली. मलाजखंडची तांब्याची उघडी खाण १९८२ च्या सुमाराला सुरू झाली आणि जिल्ह्यात अजस्र डंपर आले. शहराला लागून असलेली भरवेलीची मँगनीजची खाण त्याआधीची. खाणींनी या भागाला जे दिलं आणि जे घेतलं त्याचा हिशेब मोठा आहे, पण एक देणं कुठल्या वहीत लिहिलं जात नाही. आयटीआय केलेल्या, न केलेल्या कित्येक पोरांना इथल्या वर्कशॉपांनी इंजिन शिकवलं. टर्बो म्हणजे काय हे शहरातल्या मोटारवाल्यांना कळण्याच्या किती तरी आधी ते डंपरवर काम करणाऱ्यांना हातानं ठाऊक होतं. चढावरून माल घेऊन आलेलं इंजिन एकदम बंद करायचं नाही, चार-पाच मिनिटं मोकळं चालू द्यायचं, कारण लाल झालेल्या घरात तेल थांबलं तर जळून कोळसा होतो, हे काका तिथल्या रोजच्या कामात शिकले. पुढे ट्रकच्या नाकावर टर्बो अशी अक्षरं आली तेव्हा ढाब्यावर गाडी लावून दोन मिनिटं इंजिन चालू ठेवणारे ड्रायव्हर आपण सगळ्यांनीच पाहिले. पुष्कळांना ती नुसती डिझेलची नासाडी वाटे. त्या दोन मिनिटांत तेलानं बुश थंड होत असे.

हे यंत्र ज्यानं शोधलं त्यालाही ते लगेच वश झालं नव्हतं. आल्फ्रेड ब्यूखी हा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरचा इंजिनिअर. धुराच्या ताकदीनं हवा दाबायच्या कल्पनेचं पेटंट त्यानं १९०५ मध्ये घेतलं. ती कल्पना दणकून चालायला वीस वर्षं गेली. १९२० च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीच्या दोन प्रवासी जहाजांवर त्याची योजना बसली आणि १७५० अश्वशक्तीची इंजिनं २५०० अश्वशक्ती देऊ लागली. मधल्या काळात अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या इंजिनिअरनं १९१८ मध्ये विमानाचं लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर नेलं. खाली ३५० अश्वशक्ती देणारं इंजिन त्या विरळ हवेत २३० वर आलं. टर्बो लावल्यावर ते ३५६ वर गेलं. डोंगराच्या माथ्यावर त्यानं इंजिनाला पायथ्याची हवा मिळवून दिली, असं म्हणता येईल.

मला त्याहून जवळची वाटते ती १९६२ च्या ओल्ड्समोबील जेटफायरची गोष्ट. टर्बो घेऊन विक्रीला आलेल्या पहिल्या मोटारींपैकी ही एक. पेट्रोलचं इंजिन, दाब वाढला की ठोके मारायचं. म्हणून कंपनीनं पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण एका टाकीत दिलं होतं, ते दाबाच्या वेळी आत फवारलं जायचं. टाकी रिकामी झाली की मालकानं ती भरायची. मालक विसरायचे. भरायचं असतं हेच अनेकांच्या ध्यानात राहिलं नाही. शेवटी कंपनीनं गिऱ्हाइकांना टर्बो काढून साधं इंजिन करून देण्याची तयारी दाखवली. मी ही गोष्ट काकांना सांगितली तेव्हा ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी चांगलीच असन ते."

दुसऱ्या वेळचं काम दहा दिवस चाललं. पहिले दोन दिवस काकांनी फक्त इंजिन तपासलं. इंजिन चालू करून तेल भरायच्या तोंडावरचं झाकण त्यांनी उलटं ठेवलं. रिंगा गेलेल्या असल्या तर जळालेला वायू पिस्टनच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये उतरतो आणि ते झाकण नाचून पडतं. शिवाय चेंबरमध्ये दाब साठला की टर्बोचं परतीचं तेल खाली येऊच शकत नाही, मग पाईप कितीही रुंद लावा. झाकण नुसतं थरथरलं, जागा सोडली नाही. नाचलं असतं तर काका उठून घरी गेले असते, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. नंतर चेंबर उतरवलं, बेअरिंग पाहिली. आमच्या त्या तीस-चाळीस सेकंदांच्या उधळण्यातून इंजिन वाचलं होतं.

जुना टर्बो त्यांनी नाकारला. दुसरा बघायला ते आम्हा दोघांसोबत स्वतः नागपूरला आले. तिथल्या दुकानात त्यांनी काय केलं ते मी पाहिलं. चाकाचं नाक दोन बोटांत धरलं आणि आधी आडवं हलवलं. थोडं हललं. "हे चालते, तेल आलं की भरून निघते." मग पुढेमागे ओढून पाहिलं. तिथं जराही हालचाल नको. मग पात्यांच्या कडा नखानं चाचपल्या. एका टर्बोच्या पात्यांच्या कडा वाळूच्या कागदानं घासल्यासारख्या बोथट होत्या. फिल्टरच्या होजला कुठं तरी चीर असणार आणि वर्षानुवर्षं धूळ आत जात असणार, हे त्यांनी ती गाडी न बघता सांगितलं. तो त्यांनी बाजूला ठेवला.

मुख्य काम अंगणातच झालं. चेंबरला त्यांनी तेलाच्या पातळीच्या वरच्या बाजूला नवं भोक पाडलं, त्यावर लोखंडी बुश वेल्डिंग करून घेतलं आणि रात्रभर चेंबर रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं, एकही कीस आत राहू नये म्हणून. परतीचा पाईप अंगठा सहज जाईल एवढा. टर्बोपासून चेंबरपर्यंत सरळ उतरता, वळण नाही, कुठं पोट नाही. कारण काकांनी असं सांगितलं की टर्बोत जाणारं तेल दाबानं जातं, त्याला बारीक नळी पुरते. बाहेर पडणारं तेल हवेत घुसळून निघतं, ताकावरच्या फेसासारखं, आणि त्याला ढकलणारं कुणी नसतं. ते आपल्या वजनानंच उतरायचं. चेंबरमधल्या तेलाच्या पातळीखाली त्याचं तोंड बुडवलं की त्याला खालचं सगळं तेल रेटून आत शिरावं लागतं. आम्ही वर्षापूर्वी नेमकं तेच केलं होतं.

तेल देणारी नळी त्यांनी ऑइल प्रेशरच्या बल्बच्या जागी टी लावून काढली. तांब्याची नळी भावानं आणली होती, ती परत पाठवली. हादऱ्यानं तांबं कडक होतं आणि एक दिवस तडकतं, आणि तडकलेल्या नळीतून तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर उडालं की गाडी पेटते. जाळीचं वेष्टण असलेली पोलादी नळी लावली. मॅनिफोल्डला भोक पाडून धुराचं तापमान दाखवणारा काटा बसवला, तोही मॅनिफोल्ड खाली उतरवून, कारण भोक पाडतानाचा एक छर्रा टर्बोच्या चाकाला पुरेसा असतो. हवेच्या प्रत्येक जोडावर नवी क्लिप लावली. धानाच्या मळणीचा भुसा त्या भागात महिनाभर हवेत असतो, म्हणून फिल्टरचं जुनं घर बदललं.

डिझेलच्या पंपाला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही. टर्बो बसला की पंपाचा स्क्रू खोलायचा आणि भरपूर डिझेल सोडायचं, असा मोह प्रत्येकाला होतो, आमच्या भावालाही झाला. जास्त डिझेल म्हणजे जास्त जोर, पण त्याबरोबर जास्त उष्णताही. मुळात टर्बोसाठी बनलेल्या इंजिनात कंपनी पिस्टनपासून थंडाव्यापर्यंत बऱ्याच गोष्टी बदलते, पंपावर डायफ्रॅम देते, हवेचा दाब वाढेल तसं डिझेल वाढतं. आपल्या इंजिनाचे पिस्टन जुनेच आहेत. "पहिले हवा, डिझेल मंग," काका म्हणाले. "आधी धूर जाऊ दे. जोर आपोआप दिसन. तापमानाचा काटा सातशेच्या खाली राह्यला तर दिवाळीनंतर पाहू."

आजच्या मोटारींना यातलं काही लागत नाही. चाकण, रांजणगाव, नाशिकच्या कारखान्यांतून निघणाऱ्या कित्येक गाड्या टर्बो घेऊनच बाहेर पडतात, आणि मध्य प्रदेशातच देवासला टर्बो बनतात. संगणकावर चालणाऱ्या नव्या इंजिनाला अंगणात टर्बो लावायच्या भानगडीत कुणी पडू नये, आणि पेट्रोलच्या गाडीला तर नाहीच नाही. मी हे लिहितो आहे ते त्या जुन्या, पाना चालणाऱ्या इंजिनांबद्दल, जी अजून हजारो गावांत राबताहेत.

आणि कागदांबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या वेळी कंपनीनं दिलेल्या रचनेत मालकाला मनानं बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळमधल्या एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं मनापासून कौतुक केलं, आणि हेही लिहिलं की नियमात बसत नसल्यामुळे ती कधी तरी थांबवली जाईल. बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली.

नियम मला चूक वाटत नाही. वेग वाढला की ब्रेक पुरतील का, घाट उतरताना जुने ड्रम तापतील का, हे तपासणारा कुणी तरी हवाच. माझं दुःख वेगळं आहे. सीएनजीच्या किटला मान्यता असते, ते बसवून कागदावर नोंदवता येतं. काकांसारख्या माणसाचं काम आणून दाखवावं, कुणी ते मोजावं, धूर तपासावा, ब्रेक तपासावा आणि हो किंवा नाही म्हणावं, अशी सोपी खिडकी गावातल्या माणसाला कुठं सापडत नाही. भावानं परिवहन कार्यालयात अर्ज दिला आहे. उत्तर येईपर्यंत जीप बांधाच्या बाहेर काढायची नाही, असं घरात ठरलं आणि ते पाळलं जातं आहे. टर्बो लागल्यापासून गांगुलपाऱ्याचा घाट तिनं अजून पाहिलेला नाही. शेतातल्या चढावर धानाची पोती घेऊन ती चढते, मागे धूर नसतो, हे मी पाहिलं आहे.

पहिल्यांदा इंजिन सुरू करायच्या दिवशी काकांनी परतीच्या पाईपचं खालचं टोक चेंबरला जोडलंच नाही. ते एका स्वच्छ बाटलीत सोडलं. डिझेल बंद ठेवून स्टार्टर फिरवला, थांबला, फिरवला, थांबला. तिसऱ्या खेपेला पाईपच्या तोंडाशी काळसर थेंब आला, मग बारीक धार. तेल टर्बोपर्यंत पोचलं आणि परतही आलं. तेव्हा कुठं त्यांनी पाईप जोडला, डिझेल सोडलं, आणि इंजिन वीस मिनिटं मोकळं चालू दिलं. वहिनी पाट हातात घेऊन ओसरीवर उभ्या होत्या.

मग काकांनी स्टॉपची तार ओढली. इंजिन लगेच थांबलं. भाऊ काही बोलायला गेला तर काकांनी बोट वर केलं. बॉनेटखालून शिट्टीसारखा एक बारीक आवाज येत होता, हळूहळू उतरत जाणारा. दांडी अजून तेलावर फिरत होती. काका ओठांतल्या ओठांत मोजत होते. नऊपर्यंत आले तेव्हा आवाज थांबला. त्यांनी हात पुसले आणि वहिनींना म्हणाले, "ठेवा जी आता तो पाट. बसू द्या मले."